औरस नाटक : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

इंग्रजी नाट्यविषयक ग्रंथ वाचणाऱ्यास ‘लेजिटिमेट ड्रामा’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. कोशात पाहू जाता त्याचा अर्थ साधारणतः असा सापडतो : ज्यात नटांच्या मुखातील भाषण हेच प्रधान असते आणि ज्याची भिस्त संगीत, नृत्य, कसरत किंवा नुसते डोळे दिपविणारे देखावे यांवर नसते, असे गंभीर अथवा विनोदी नाटक. अर्थ पुरेसा स्पष्ट आहे; पण तो वाचून जिज्ञासूचे समाधान होत नाही. कारण ‘लेजिटिमेट’ हे विशेषण मूळचे नाटकाचे नव्हे, ते अपत्याचे आहे. विधिपूर्वक विवाह झालेल्या मातापितरांच्या पोटी जन्मलेले मूल ते लेजिटिमेट, बाकीचे तसे नव्हे. मग नाटकात औरस आणि अनौरस असा भेद कोणी, केव्हा आणि कशासाठी पाडला? नाटकाचे मातापिता कोण, आणि त्यांचे लग्न कोणी लावले?

‘औरस’ हा शब्द येथे आम्ही सोयीसाठी योजिला आहे. परंतु दोहोंतील एक भेद प्रथमच ध्यानी घेतला पाहिजे. औरस हा शब्द ‘उरस्’ म्हणजे छाती यापासून झालेला आहे. स्वतःच्या देहापासून झालेला पुत्र, ही त्यातील मूळ कल्पना. उलट इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘लेक्स’ म्हणजे कायदा या शब्दात आहे. आमचा शब्द रक्ताकडे बोट दाखवितो. त्यांचा शब्द सरकारी दप्तराकडे. ‘लेजिटिमेट ड्रामा’ या शब्दाच्या इतिहासाची किल्ली येथेच आहे. हा शब्द पुढे कलेच्या प्रतिष्ठेचा द्योतक झाला व त्याने चांगल्या नाटकाला हलक्या खेळापासून वेगळे केले, असे लोक मानू लागले. वास्तविक तो जन्मला तेव्हा त्याचा कलेशी संबंध नव्हता. त्याचा संबंध होता तो राजाच्या दोन सनदांशी.

इंग्लंडातील यादवीच्या आरंभी, १६४२ च्या सप्टेंबरात, पार्लमेंटने नाटकगृहे बंद केली. प्यूरिटन पंथाच्या अमलाखाली ती सुमारे अठरा वर्षे बंदच होती. १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर परत आला आणि त्याने नाट्यकलेस पुन्हा आश्रय दिला. पण तो सर्वांना नव्हे. थॉमस किलिग्रू आणि विल्यम डॅव्हेनंट हे राजाचे दोन विश्वासू सेवक होते. या दोघांना मिळून लंडनात नाटके करण्याचा मक्ता मिळाला, व १६६२-६३ च्या सुमारास त्यावर शिक्कामोर्तब होऊन रीतसर सनदा निघाल्या. एकाची मंडळी राजाची, दुसऱ्याची राजबंधू ड्यूक ऑफ यॉर्कची. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात हे प्रसिद्ध कलम याच व्यवस्थेतले. या सनदा व्यक्तीपुरत्या नव्हत्या. त्या वारसांकडे जात, त्यांचे वाटे पडत, ते विकले जात व गहाणही पडत. देशमुखी-कुलकर्णाचे वतन ज्यांनी घरात पाहिले वा ऐकले आहे, अशा मराठी वाचकास या प्रकाराचे मर्म चटकन कळेल. हॅम्लेटचा प्रयोग करण्याचा अधिकार हे लंडनात एक वतन झाले.

किलिग्रूच्या सनदेचा वारसा ड्रुरी लेन येथील नाट्यगृहाकडे आला. डॅव्हेनंटची सनद रिच घराण्याच्या हाती गेली व तिच्या जोरावर जॉन रिच याने १७३२ साली कॉव्हेंट गार्डन येथील नाट्यगृह उघडले. ही दोन घरे म्हणजेच पुढच्या शंभर वर्षांतील औरस नाटकाची दोन कुळे होत. येथे एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. हा जॉन रिच स्वतः कोणत्या कलेत नावाजला होता? मूकाभिनयाने रंगणाऱ्या पँटोमाइममध्ये तो हार्लेक्विनचे सोंग घेई, आणि त्यात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता. त्याच्या तिजोरीत भर पडली होती ती गे कवीच्या ‘बेगर्स ऑपेरा’ या १७२८ सालच्या गाण्यांनी भरलेल्या खेळामुळे. म्हणजे भाषणप्रधान नाटकाचे एक राजमान्य मंदिर एका मूकनटाने गाण्याच्या पैशावर उभे केले.

तथापि या काळापर्यंत सनदांचा दरारा बराच उतरला होता. लंडनात सनदेवाचून चालणारी नाटकगृहे निघाली होती व त्यांना कोणी फारसे अडवीत नव्हते. हेमार्केटमधील अशाच एका लहानशा थिएटरात हेन्री फील्डिंग हा तरुण नाटककार मुख्य प्रधान रॉबर्ट वॉल्पोल याची भर रंगभूमीवर रेवडी उडवीत होता. १७३६ सालचे त्याचे ‘पास्क्विन’ तुफान चालले. पुढील वर्षी ‘हिस्टॉरिकल रजिस्टर’ या नाटकात त्याने वॉल्पोलच्या लाचलुचपतीवर आणखी उघड प्रहार केला. इतक्यात ‘गोल्डन रम्प’ नावाच्या एका अत्यंत अश्लील व राजनिंदक नाटकाचे हस्तलिखित हेन्री गिफर्ड या नाट्यव्यवस्थापकाने वॉल्पोलकडे नेऊन दिले. वॉल्पोलने त्याचा पुरेपूर उपयोग केला. ते नाटक कधी रंगभूमीवर आले नाही. ते वॉल्पोलनेच मुद्दाम लिहवून घेतले असावे, हा संशय मात्र तेव्हापासून चालत आलेला आहे. काही असो, १७३७ च्या जूनमध्ये लायसेन्सिंग ॲक्ट मंजूर झाला.

या कायद्याने दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच दोरीत बांधल्या. पहिली तपासणी : प्रत्येक नवे नाटक प्रयोगापूर्वी चौदा दिवस राजगृहाचा मुख्य कारभारी, लॉर्ड चेंबरलेन, याच्याकडे धाडावयाचे व त्याने नाकारल्यास करावयाचे नाही. दुसरी मक्तेदारी : राजाची सनद किंवा लॉर्ड चेंबरलेनचा परवाना नसता पैसे घेऊन नाटक करणारा नट हा कायद्याने भटक्या व उनाड ठरावयाचा व त्यास पन्नास पौंड दंड व्हावयाचा. वॉल्पोलला हवी होती ती पहिली गोष्ट. दुसरी आपोआप सनदवाल्यांच्या पदरात पडली. लॉर्ड चेस्टरफील्डने वरिष्ठ सभागृहात या विधेयकास विरोध केला. विनोदबुद्धी ही लेखकाची मालमत्ता, व बहुधा त्याची एवढीच मालमत्ता. तिच्यावर हा कर बसत आहे, असा त्याच्या युक्तिवादाचा एक भाग होता. त्याचा उपयोग झाला नाही. फील्डिंगने नाट्यलेखन सोडले, तो कायदा शिकला आणि पुढे ‘टॉम जोन्स’सारखी कादंबरी लिहून अमर झाला. इंग्रजी कादंबरीला जो लाभ झाला तो रंगभूमीला झालेल्या नुकसानीतून झाला, हे विसरता येत नाही.

कायदा कडक झाला की पळवाटा शोधणारी बुद्धीही तीक्ष्ण होते. कायद्यात ‘पैसे घेऊन’ असे शब्द होते. तेव्हा ‘गोल्डन रम्प’ वॉल्पोलला नेऊन देणाऱ्या त्याच गिफर्डने गुडमन्स फील्ड्स येथे गायनवादनाच्या जलशाची तिकिटे विकावयास आरंभ केला. जलशाचे दोन भाग. मधल्या वेळात प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी एक नाटक, अगदी फुकट! १९ ऑक्टोबर १७४१ रोजी अशाच एका ‘फुकट’ प्रयोगात तिसऱ्या रिचर्डची भूमिका करण्यासाठी एक अपरिचित तरुण उभा राहिला. तोच डेव्हिड गॅरिक. इंग्रजी रंगभूमीवरील अभिनयाची रीत ज्याने पालटली, त्या नटाचे लंडनातील पहिले पाऊल कायद्याच्या दृष्टीने चोरवाटेने पडलेले आहे! सहाच वर्षांनी तो ड्रुरी लेनचा भागीदार झाला, आणि कालचा अनौरस आज कुलदीपक ठरला. सॅम्युएल फूट याने तर १७४७ मध्ये आपल्या मित्रांना हेमार्केटात चॉकोलेट पिण्यास बोलावणे धाडले. चॉकोलेटाचे पैसे आगाऊ द्यावयाचे. ते उकळेपर्यंत फूटसाहेब आपल्या शिष्यांना नाट्यकलेचे धडे देत, म्हणजेच नकलांचा खेळ करीत.

अठराव्या शतकाच्या मध्यास आणखी एक कायदा झाला. त्यान्वये लंडनच्या आसपासच्या न्यायाधीशांना संगीत, नृत्य व तत्सम करमणुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. भाषणप्रधान नाटकाचा परवाना ते देऊ शकत नव्हते. येथून दोन जाती स्पष्ट झाल्या : सनदी घरे ती मोठी, आणि परवान्याची घरे ती ‘मायनर’, म्हणजे धाकटी. सॅडलर्स वेल्स, ॲस्टलीची घोड्यांची रंगशाळा, टेम्स नदीपलीकडील रॉयल सर्कस (हीच पुढे सरे थिएटर झाली), कोबर्ग ही धाकट्यांतील प्रमुख घरे होत. तेथे गाता येई, नाचता येई, दोरावरून चालता येई, घोडे नाचविता येत. साध्या गद्यात चार वाक्ये मात्र बोलता येत नसत. १७८७ साली जॉन पामर याने रॉयल्टी नावाचे नवे थिएटर काढले व शेक्सपिअरचे नाटक केले, तेव्हा सनदवाल्यांनी कायद्याचा असा बडगा उगारला की, त्याला लगेच मूकनाट्यावर यावे लागले. तेथील डेल्पिनी नावाच्या विदूषकाच्या तोंडून वाद्यांची साथ नसता ‘रोस्ट बीफ’ एवढेच दोन शब्द निघाले आणि त्याबद्दल त्याला अटक झाली, असे सांगतात.

बोलू देत नाहीत, तर मग गोष्ट सांगावी कशी? धाकट्या घरांनी नाना युक्त्या काढल्या. नटाने हातवारे करावयाचे व त्याच वेळी संवाद लिहिलेला कापडी पट उलगडून प्रेक्षकांना दाखवावयाचा, ही एक. कथानकातील प्रत्येक भाव वाद्यांच्या सुरांतून सुचवावयाचा, ही दुसरी. सर्वांत फलदायी ठरली ती ‘बर्लेटा’ या शब्दाची युक्ती. बर्लेटा म्हणजे मूळचा इटालियन धाटणीचा लहानसा विनोदी संगीतखेळ. त्याला परवाना मिळे. तेव्हा धाकट्यांनी आपल्या प्रत्येक खेळाला बर्लेटा म्हणावयास आरंभ केला. प्रथम सगळे पद्य गाऊन म्हणत. मग नुसते यमक जुळवून बोलू लागले. मग वाद्याचा अधूनमधून एखादा सूर पुरेसा झाला. अखेर प्रत्येक अंकात निदान पाच गाणी असली म्हणजे बर्लेटा झाला, अशी व्यवहारातली व्याख्या ठरून गेली. एलिस्टन या नामांकित नटाने १८०९ मध्ये रॉयल सर्कशीत ‘मॅक्बेथ’ केले ते मूकनाट्य व यमकबद्ध ओळी यांचे मिश्रण करून. ‘ऑथेल्लो’चा तर एके ठिकाणी बर्लेटा झाला तो असा की, पडद्याआड कोणीतरी पाच-पाच मिनिटांनी पियानोची एक पट्टी इतक्या हळू दाबी की ती कोणालाही ऐकू येऊ नये. आख्यायिका म्हणून ही गोष्ट हसून सोडून देता येईल. पण जगातील एका श्रेष्ठ नाटककाराचे नाटक त्याच्याच देशात, त्याच्याच राजधानीत, न ऐकू येणाऱ्या सुराच्या आडोशाने करावे लागावे, यात विनोदापेक्षा लाजिरवाणेपणा अधिक आहे.

‘लेजिटिमेट’ हे विशेषण नाटकाला सर्रास चिकटले ते अठरावे शतक सरता सरता व एकोणिसाव्याच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत. धाकटी घरे जसजशी गजबजू लागली, तसतशी मोठ्या घरांना आपल्या कुलीनतेची अधिक आठवण होऊ लागली. याच सुमारास, नेपोलियनच्या पाडावानंतर, युरोपच्या राजकारणातही हा शब्द दुमदुमत होता. फ्रान्सच्या गादीवर बोर्बोन घराण्याला पुन्हा बसविताना ‘लेजिटिमसी’ म्हणजे राजवंशाचा विधिसिद्ध हक्क, हेच तत्त्व पुढे करण्यात आले होते. त्यामुळे रंगभूमीवरील औरसपणाचा अभिमान बाळगणारा आणि त्याची थट्टा करणारा, दोघेही नकळत राजकारणाची भाषा बोलत होते.

आता या कुलीन घरांत प्रत्यक्षात काय चालले होते ते पाहू. ड्रुरी लेनची इमारत १७९४ साली नव्याने बांधली तेव्हा तीत साडेतीन हजारांवर प्रेक्षक मावत. एवढ्या अवाढव्य दिवाणखान्यात मागच्या माणसास नटाच्या चेहऱ्यावरील भाव दिसत नसत व हलका स्वर पोचत नसे. भाषणप्रधान नाटकाचा मक्ता ज्यांच्याकडे, त्यांच्या घरात भाषणच ऐकू येईना! मग देखाव्यांवर भर देणे क्रमप्राप्त झाले. १८०२ मध्ये कॉव्हेंट गार्डनने टॉमस होलक्रॉफ्टचे ‘अ टेल ऑफ मिस्टरी’ हे फ्रेंचवरून घेतलेले नाटक केले. ‘मेलोड्रामा’ हे नाव लावून इंग्रजी रंगभूमीवर आलेले हे पहिले नाटक. पुढच्याच वर्षी ड्रुरी लेनवर कार्लो नावाचा कुत्रा पाण्यात उडी घेऊन बालकास वाचवू लागला आणि थिएटरचे उत्पन्न त्याने सावरले. १८११ साली कॉव्हेंट गार्डनच्या रंगभूमीवर घोडे दौडू लागले. १८३९ च्या आरंभी ड्रुरी लेनवर व्हॅन ॲम्बर्ग या अमेरिकन माणसाचे सिंह होते, आणि तरुण राणी व्हिक्टोरिया ते पाहावयास एकदा नव्हे, अनेकदा आली. त्याच सुमारास कॉव्हेंट गार्डनमध्ये मॅक्रेडी हा श्रेष्ठ नट शेक्सपिअरची नाटके निष्ठेने करीत होता. आधी, १८३६ मध्ये, हाच मॅक्रेडी ड्रुरी लेनवर नोकरीस असता तेथील व्यवस्थापक बन याने त्याला ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकाचे पहिले तीनच अंक, इतर खेळांच्या जोडीला, करावयास लावले. संतापलेल्या मॅक्रेडीने प्रयोग संपताच बनच्या कचेरीत शिरून त्यास मारहाण केली. ही सगळी राजमान्य घरांतील हकीकत आहे.

हा भेद किती पोकळ होता हे १८२९ साली फार मजेदार रीतीने सिद्ध झाले. डग्लस जेरल्ड या लेखकाचे ‘ब्लॅक-आइड सूझन’ हे खलाशाच्या जीवनावरील नाटक सरे थिएटरात लागले व दीडशेहून अधिक रात्री चालले. त्यातील नायक टी. पी. कुक याची कीर्ती एवढी वाढली की, त्याच वर्षी कॉव्हेंट गार्डननेही तेच नाटक त्यालाच घेऊन लावले. कुक एकाच संध्याकाळी आधी सरेमध्ये भूमिका करी, मग गाडीत बसून टेम्स नदी ओलांडी आणि कॉव्हेंट गार्डनमध्ये तीच भूमिका पुन्हा करी. नाटक तेच, नट तोच, रात्र तीच. नदीच्या दक्षिण तीरावर ते अनौरस होते; उत्तर तीरावर उतरताच ते औरस झाले. आणि दोन्ही तीरांवर ज्याच्या लेखणीवर पैसा मिळत होता, त्या जेरल्डच्या हाती मात्र अगदीच किरकोळ रक्कम आली.

१८३२ साली पार्लमेंटने नाट्यवाङ्मयाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आलेला एडवर्ड बुल्वर तिचा अध्यक्ष होता. नट, लेखक, व्यवस्थापक, सनदेचे भागीदार अशा अनेकांच्या साक्षी झाल्या. त्यात ‘लेजिटिमेट ड्रामा म्हणजे काय?’ हा प्रश्न पुनःपुन्हा निघाला, आणि उत्तरे जुळेनात. कोणी म्हणे, पाच अंकी शोकान्तिका वा आनंदान्तिका. कोणी म्हणे, ज्यात गाण्यास प्राधान्य नाही ते. खुद्द जेरल्डने सांगितले की, ज्या नाटकातील रस मनोव्यापारांत असतो, केवळ शरीराच्या हालचालींत नसतो, ते लेजिटिमेट. हे उत्तर सर्वांत चांगले खरे. पण त्याने कायद्याचा आधारच निखळून पडतो. रस मनोव्यापारांत आहे की नाही हे थिएटरच्या पत्त्यावरून कसे ठरवावयाचे? ज्या शब्दाच्या आधाराने नटांना दंड झाले, त्या शब्दाची एक व्याख्या त्या शब्दावर जगणाऱ्यांनाही देता आली नाही, हे या चौकशीचे खरे फलित होय.

समितीने मक्तेदारी मोडण्याची शिफारस केली. बुल्वरचे विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले आणि १८३३ मध्ये वरिष्ठ सभागृहाने ते फेटाळले. लेखकांचा नाट्यप्रयोगावरील हक्क मान्य करणारा कायदा तेवढा त्या वर्षी पदरात पडला. शेवटी २२ ऑगस्ट १८४३ रोजी थिएटर्स ॲक्ट होऊन सनदांचा एकाधिकार संपला. यापुढे परवाना असलेल्या कोणत्याही थिएटरात कोणतेही नाटक करता येऊ लागले. लॉर्ड चेंबरलेनची तपासणी मात्र कायम राहिली. ती जावयास १९६८ साल उजाडावे लागले. वॉल्पोलने दोन गोष्टी एका दोरीत बांधल्या होत्या. त्यांतली एक १०६ वर्षांनी सुटली, दुसरी २३१ वर्षांनी.

मक्ता गेल्यावर काय झाले? सनदवाले सांगत असत की, औरस नाटकाला आमच्याच घरात आसरा आहे. आमचे संरक्षण गेले तर शेक्सपिअर रस्त्यावर येईल. घडले ते उलटच. सॅडलर्स वेल्स हे धाकट्यांतले धाकटे घर. १८०४ पासून तेथे रंगभूमीवर पाण्याचा हौद बांधून सागरी युद्धाचे देखावे करीत असत. अशा ठिकाणी सॅम्युएल फेल्प्स या नटाने १८४४ मध्ये ‘मॅक्बेथ’ने आरंभ केला आणि १८६२ पर्यंत शेक्सपिअरची तीसहून अधिक नाटके मोठ्या आस्थेने केली. प्रेक्षक भोवतालच्या वस्तीतले, साधे कारागीर व दुकानदार. पण ते शांतपणे ऐकत. इकडे कॉव्हेंट गार्डन १८४७ साली इटालियन ऑपेऱ्याचे घर झाले. ज्या घराने दुसऱ्यांना बोलू दिले नाही, त्यात गाणे राहिले. ज्या घराला केवळ गाण्याची परवानगी होती, त्यात कविवाणी घुमू लागली.

कायदा गेला, पण शब्द गेला नाही. आता तो केवळ प्रतिष्ठेचा शब्द उरला. व्हिक्टोरियन काळात म्यूझिक हॉलपासून स्वतःला वेगळे दाखविण्यासाठी थिएटरवाल्यांनी तो वापरला. अटलांटिकपलीकडे, जेथे या सनदा कधीच नव्हत्या, तेथेही तो गेला आणि व्होडव्हिल, बर्लेस्क व पुढे चित्रपट यांहून निराळी जी प्रत्यक्ष नाटकाची रंगभूमी, तिला ‘लेजिटिमेट’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन नाटकवाल्यांनी त्याचे ‘लेजिट’ असे लघुरूप केले. गमतीची गोष्ट अशी की, ब्रॉडवेवरील गाण्यानाचण्याने भरलेले संगीत खेळही आता याच ‘लेजिट’ रंगभूमीत मोडतात. १७८७ साली त्यांची जागा नेमकी दुसऱ्या पंक्तीत होती. आज इंग्रजी बोलणारी तरुण मुले कोणत्याही अस्सल वस्तूला ‘लेजिट’ म्हणतात, तेव्हा या शब्दामागे दोन राजसनदा व एका विदूषकाची अटक उभी आहे हे त्यांच्या गावीही नसते.

मराठी वाचकास या इतिहासात एक योगायोग चटकन दिसेल. ज्या १८४३ च्या ऑगस्टात लंडनमधील सनदा मोडल्या, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या ५ तारखेस सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला. त्या खेळास संस्थानिकांचा आश्रय होता, मक्ता नव्हता. सूत्रधाराच्या पदांवर चालणारे ते आख्यान लंडनच्या जुन्या कायद्याने अनौरसच ठरले असते. पुढे १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ आले, आणि आमच्याकडे प्रतिष्ठेची पगडी चढली ती संगीत नाटकाच्या माथ्यावर. ‘गद्य’ नाटकाला आपण गद्य आहोत हे निराळे सांगावे लागे. अंकाला पाच गाण्यांची अट आमच्या नाटकांनी हसतहसत पुरी केली असती. ‘सौभद्र’ हा त्या हिशेबाने निखळ बर्लेटा होय! गाणे आले की नाटक हलके झाले, हा लंडनचा सिद्धान्त पुण्यास येईपर्यंत नेमका उलटा झाला. तो निसर्गाचा नियम असता तर असा उलटता ना.

वॉल्पोलच्या कायद्यातील दुसरा अर्धा भाग मात्र इंग्रज सरकारने आमच्यासाठी निराळ्या रूपात आणला. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने राजद्रोही वा आक्षेपार्ह वाटणारा खेळ बंद करण्याचा अधिकार सरकारने घेतला, आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली. वॉल्पोलची भीती फील्डिंगच्या थट्टेला होती; येथील सरकारची भीती भीमाच्या मुठीला होती. आणि औरस-अनौरस हा भेद आम्हांला अगदी परका होता, असेही म्हणता येणार नाही. आम्ही सनद काढली नाही. पण नाटक ते घरातील बायामाणसांनी पाहावे व तमाशा तो पुरुषांनी आडून पाहावा, ही वाटणी कोणत्याही कायद्यावाचून पिढ्यान् पिढ्या चालविली. पुढे तोच खेळ ‘लोकनाट्य’ या नावाने आला तेव्हा सभ्य घरांची दारे त्यास काहीशी उघडली. लंडनच्या धाकट्या घरांना ‘बर्लेटा’ या शब्दाने जे साधून दिले, त्याहून हे फार निराळे नाही.

‘लेजिटिमेट ड्रामा’ हा शब्द टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. शब्द एकदा रूढ झाला की व्युत्पत्तीच्या बळावर तो हलत नाही. चांगले नाटक आणि वाईट नाटक यांत भेद आहे, व तो करणे हेच टीकाकाराचे काम होय. जेरल्डची व्याख्या त्या कामी आजही उपयोगी पडेल. आमचे सांगणे एवढेच की, हा भेद प्रयोग पाहून करावयाचा असतो. इंग्लंडात तो शंभराहून अधिक वर्षे प्रयोगाआधी, दारावरची पाटी वाचून केला गेला, आणि त्याची किंमत त्या काळच्या नटांनी दंडात, लेखकांनी दारिद्र्यात व प्रेक्षकांनी सिंहांचे खेळ पाहण्यात मोजली.